बियाचं ढेमसं

शिर्डीला मी यंदा दर्शनासाठी गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. घरी मात्र दर्शनाचंच सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर आमच्या ह्यांनी डोक्याला हात लावला असता. मला एका बाईपाशी एक गोष्ट कबूल करायची होती. गोष्ट एवढीशी, एका ढेमशाची. पण पंचेचाळीस वर्षं ती मी आणि माझी आई दोघींनी मिळून पोटात ठेवली होती, आणि गेल्या चैत्रात आई गेल्यावर ती सगळी माझ्या एकटीच्या अंगावर पडली.

वैशाखातलं ऊन. बस नगरहून निघाली तेव्हाच खिडकीची दांडी तापली होती. नगरचं अहिल्यानगर झालंय हे पाटी वाचली की कळतं, जिभेला अजून नगरच येतं. राहुरी मागे पडली, देवळाली प्रवराकडे वळणारा फाटा आला आणि मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. त्या बाजूला आमची कॉलनी होती. साखर कारखान्याच्या बॉयलरवर वडील कामाला, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमागे आईची चार पावलांची बाग. फाटा गेला, पण मळीचा तो आंबूस गोड वास कुठून तरी आलाच. खरंच आला की मला वाटला, देव जाणे. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडेपर्यंत तो माझ्याबरोबर होता.

ती बाई, कौसामावशी, शिर्डीत असते, तिच्या नातवाचं हारफुलांचं दुकान आहे, एवढंच मला माहीत होतं. तिसऱ्या ठिकाणी विचारल्यावर ते सापडलं. पुढे झेंडूच्या माळा, गुलाबांच्या पाट्या, बाकाखाली भाविकांच्या चपलांची रास. मागच्या पडवीत एक म्हातारी पाय पसरून हाराची गाठ मारत बसली होती. मी नाव सांगायच्या आत तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाईंचं ढेमसं का गं तू?"

बाई म्हणजे माझी आई, आणि मी लहानपणी गोल होते. आताही काही फार फरक पडलेला नाही. तिनं माझे दोन्ही हात धरून मला खाली बसवलं. तिच्या बोटांना झेंडूचा कडसर वास होता. चेहरा नुसता उजळून निघाला होता तिचा. आणि तिनं विचारलं, बाई बऱ्या हायेत न्हवं?

मी म्हणाले, "हो, बऱ्या आहेत."

का म्हणाले ते मला आजही सांगता येणार नाही. आले होते जुनं खोटं फेडायला आणि दारातच नवं बोलून बसले. माझी मलाच शरम वाटली. मावशी तोवर नातसुनेला चहा टाकायला सांगत होती, बाईंची लेक आलीय, आलं घाल, म्हणून.

मी नजर चुकवायला म्हणून पडवीबाहेर पाहिलं आणि तिथंच अडकले. फुटक्या फरशांवर एक वेल पसरला होता. अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपात त्याचं मूळ, आणि पानाआड जागोजाग प्रसादाच्या छोट्या पांढऱ्या कागदी पिशव्या, तोंडाशी दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येक पिशवीत एक ढेमसं असणार, हे मला सांगायची गरज नव्हती. पानांवर राख भुरभुरवलेली होती. ही उदी की काय, असं मी विचारलं, तर मावशी हसली. उदी कपाळाला लावायची असती गं, ही चुलीची हाय, म्हणाली. चुलीची राख ती अजून चाळून ठेवते.

राख. तो शब्द कानावर पडला आणि मी पडवीतून उठून गेलेच जणू.

आमच्या बागेत फाल्गुन सरता सरता ढेमशाचे वेल धरायचे. उन्हाळ्यात बाकी सगळं माना टाकतं तेव्हा हे एक बेटं जमिनीला चिकटून हिरवंगार राहायचं. दिवस उगवायच्या आत आई मला हलवून उठवायची. बाहेर अजून गारवा असायचा, कारखान्याची चिमणी शांतपणे धूर सोडत असायची, आणि अंगणात रात्रभर पडलेली काळी काजळी पायाखाली मऊ लागायची. आई हातानं पानांवर पाणी शिंपडायची. मग धोतराच्या फडक्यात गोवऱ्यांची चाळलेली राख घेऊन, त्याची पुरचुंडी करून, पानापानावर हलकेच आपटत जायची. थप्. थप्. ओल्या पानावर राख बसताना एक वास उठतो. थोडा मातीचा, थोडा कडू, थोडा चुलीचा. कुठल्या अत्तराच्या बाटलीत तो मिळाला असता तर मी आजही घेतला असता.

राख उडवायची ती लाल भुंग्यांसाठी. गव्हाच्या दाण्याएवढे, तांबडेलाल, चकचकीत. दिसायला इतके देखणे की मला त्यांची दया यायची. पण दोन दिवस दुर्लक्ष झालं की पानांची चाळण करून ठेवायचे. पहाटे ते गारठ्यानं सुस्त असतात, ऊन चढलं की भुर्र. म्हणून पहाटेच पान उलटं करून वेचायचे आणि रॉकेलच्या पाण्याच्या डब्यात टाकायचे. ते माझं काम. मी एकेकाला नाव ठेवून मग टाकायची, आणि आई म्हणायची, अगं बारसं कसलं करतेस, टाक लवकर.

दुसरा शत्रू म्हणजे फळमाशी, आणि ती वेचता येत नसे. गांधीलमाशीची धाकटी बहीण शोभेल अशी ती पिवळसर माशी कोवळ्या फळाला कधी टोचून जाते कळत नाही. टोचल्या जागी डिंकाचा एक थेंब येतो, बस्स. वरून ढेमसं छान दिसतं आणि आत अळ्या. यावर आईनं पिशव्या काढल्या होत्या. फूल वाळून ढेमसं लिंबाएवढं झालं की त्याला कापडाची पिशवी चढवायची आणि देठाशी सैलसर गाठ मारायची. माझ्या विटक्या फ्रॉकांच्या, परकरांच्या पिशव्या. कुठं गुलाबी ठिपके, कुठं निळी फुलं. माझे दोन-तीन उन्हाळे त्या वेलावर वाळत पडलेले असत. वडील ड्यूटीवरून आले की वेलासमोर उभं राहून आईला विचारायचे, काय गं, आज कुणाला अंगडी-टोपडी चढवलीस? आई उत्तर द्यायची नाही, पण हसू दाबायची ते मला दिसायचं.

हे बी कौसामावशीचं. ती पाथर्डीकडची, ऊसतोडीला यायची. दिवाळी झाली की टोळ्यांच्या बैलगाड्या यायच्या, कॉलनीच्या कुंपणापलीकडे उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी तिकडून भाकरीचा आणि ओल्या पाचटाच्या धुराचा वास यायचा. त्यांना पाणी लांबून आणावं लागे. कॉलनीतल्या बायका आपल्या नळावर कुणाला फिरकू देत नसत. आईनं दिलं. फार काही विचार करून दिलं असं नाही, मावशी हंडा घेऊन कुंपणाशी उभी होती आणि आईनं फाटक उघडलं. दुसऱ्या दिवशी मावशीनं पदराच्या गाठीतून मूठभर बी काढून आईच्या हातावर ठेवलं. मग दर हिवाळ्यात त्या दोघी नळाशी बोलत उभ्या असत. हंडा भरून वाहायला लागायचा तरी त्यांना पत्ता नसायचा.

ते ढेमसं बाजारच्यासारखं नव्हतं. अंगावर बारीक लव, हातात घेतलं तर तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी मऊ. शिजलं की थोडं गोडसर लागायचं. मावशीच्या आईनं ते तिला लग्नात ओटीत घातलं होतं म्हणे. मावशीचं माहेर पुढे राहिलं नाही. का, कसं, ते मला ठाऊक नाही. मोठी माणसं बोलायची आणि मी आले की गप्प व्हायची.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मावशी आली तीच उदास. गावाकडचं तिच्या घरचं बी उंदरांनी फस्त केलं होतं. आता ते बी जगात फक्त आमच्याकडे उरलं होतं, तेही क्वार्टरमागच्या एका वेलापुरतं. आईनं तिला सांगितलं, अगं काळजी कशाला करतेस, यंदा एक ढेमसं तुझ्या नावानं राखू.

बियाचं ढेमसं राखायची त्यांची एक रीत होती. वेलाच्या बुडाजवळचं, चांगलं गोल फळ निवडायचं आणि ज्याला बी हवं त्यानं स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या देठाला बांधायची. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, घरात भाजीला काही नसलं तरी. ते पिवळं पडून, वाळून, आत बी खुळखुळेपर्यंत वेलावरच राहायचं. मावशीची टोळी चैत्रात परत निघाली, त्याच्या आदल्या सकाळी तिनं आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली. वरून आईनं नवी पिशवी चढवली. मावशी माझ्या गालाला हात लावून म्हणाली, ढेमशा, माज्या ढेमशाकडं बग हां. मी मान डोलावली. दहा वर्षांची होते, मला केवढा अभिमान वाटला.

त्या अभिमानानंच सगळा घोळ केला.

कारखान्यात साखर काढून उरलेल्या काळ्या, चिकट मळीच्या टाकीपाशी मी माश्या बुडून मेलेल्या पाहिल्या होत्या. हजारोंनी. आम्हा कॉलनीतल्या पोरांना मळी म्हणजे काय, पाण्यासारखी; कुठं ना कुठं सांडलेली असायचीच. मला वाटलं, राख आणि पिशव्या करत बसण्यापेक्षा फळमाशीला मळीत बुडवावं, एकदाच निकाल. मी वनस्पती तुपाचा डबा भरून मळी आणली आणि नेमकी त्या बियाच्या ढेमशाजवळ ठेवली. कुणाला सांगितलं नाही, कारण शाबासकी एकदम मिळवायची होती. पहिल्या दिवशी बऱ्याच माश्या मेल्या. मी खूष. डबा सरकवताना थोडी मळी पिशवीवर सांडली, तिला मुंगळे लागले. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी सोडली, साबण लावून स्वच्छ धुतली आणि दोरीवर वाळत घातली. आणि खेळायला गेले.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. पिशवी दोरीवर कधीच कडक वाळली होती. डब्याभोवती गुणगुण चालली होती, सबंध कॉलनीतल्या माश्यांना मी आवतण धाडलं होतं, आणि त्यांच्या मधोमध मावशीचं ढेमसं उघडं पडलं होतं. अजून कोवळंच होतं ते. त्याच्यावर डिंकाचे थेंब होते. तीन. मी ते फ्रॉकच्या टोकानं पुसले, पिशवी चढवली, चिंधी पूर्वीसारखी नीट केली आणि डबा उकिरड्यावर फेकून आले. रात्री जेवताना आईनं विचारलं, आज गप्प का गं? मी म्हणाले, पोट दुखतंय. ओवा खावा लागला.

पुढे महिनाभर मी रोज त्या पिशवीकडे बघायची आणि हात लावायची नाही. बाकीची ढेमशी आम्ही भाजीला काढली, वेल वाळत चालला. ज्येष्ठात एका दुपारी आईनं पिशवी सोडली. मी दारात उभी होते. ढेमसं तिच्या हातात बसलं, खालून पाणी गळालं आणि पांढऱ्या अळ्या टुणटुण उड्या मारत तिच्या मनगटावरून खाली पडल्या. तिनं बोटानं आतलं सगळं चाचपलं. एकही बी भरलेलं नव्हतं. मग तिचं लक्ष जमिनीवर गेलं. तिथं डब्याच्या बुडाचा काळा चिकट गोल अजून होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती, दोन फटके दिले असते, तर बरं झालं असतं. तिनं खड्डा करून ते सगळं पुरलं, चिंधी तेवढी सोडवून घेतली, धुतली आणि घडी करून डब्यात ठेवली.

दिवाळीच्या आधी आई राहुरीच्या बाजाराला गेली आणि येताना ढेमशाच्या बियाण्याचं पाकीट घेऊन आली. रात्री नाही, भर दुपारी, माझ्यासमोर तिनं ते फोडलं, बी थोडं राखेत घोळलं म्हणजे घरचं दिसावं, आणि मावशीच्या त्या हिरव्या चिंधीत बांधलं. मी बघत होते. माझी आई म्हणजे कशी, तर शेजारणीची वाटीभर साखर आणली तर परत करताना शीग लावून देणारी. तिला मी असं काही करताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

टोळी आली. मावशी हंडा न घेताच फाटकातून आत आली. आईनं गाठोडं तिच्या हातावर ठेवलं. मावशीनं ते कपाळाला लावलं, कनवटीला खोचलं आणि म्हणाली, "बाई, तुमी माजं माहेर राखलं." आई म्हणाली, त्यात काय एवढं. आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली.

मावशी नंतर तीन-चार हंगाम आली, मग टोळी दुसरीकडे जायला लागली. नळाशी बोलणं व्हायचं, पण मावशीचा हंडा आता लवकर भरायचा. बागेत तिनं ढेमशी परत कधी लावली नाहीत. जागा नाही म्हणायची आणि त्याच जागेत मोगरा लावला. आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही, दोघी. वडील गेले, कॉलनी सुटली, मी तिला नगरला माझ्याकडे आणलं. शेवटच्या महिन्यात एकदा मी भाजीची पिशवी तिच्या खाटेशी ओतली, त्यात ढेमशी होती. तिनं एक हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं. "कौसाला सांगायला हवं होतं आपण," म्हणाली. आपण म्हणाली. तू नव्हे, मी नव्हे. त्या आपणनं मी पार मोडले.

चहा थंड झाला होता. पुढे दुकानात नातू कुणाला तरी हार दाखवत होता. मावशी शांतपणे गाठी मारत होती, मी बोलेन तेव्हा बोलेन अशा बेतानं. मी सांगून टाकलं. मळी, पिशवी, डिंक, अळ्या, पाकीट, सगळं, एका दमात, शेवटी शेवटी रडत. या वयात नाक पुसायला रुमाल सापडेना म्हणून पदर घेतला.

मावशीनं हार बाजूला ठेवला.

"मला ठावं हुतं की," ती म्हणाली. "बी पेरल्यावर पयलंच ढेमसं धरलं, तवाच कळलं. आमच्याला लव हुती. ह्ये गुळगुळीत."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"बोलून काय झालं आस्तं? बी तर गेल्तं. बाई बी गेल्या आस्त्या. त्यांनी मला परत मान वर करून बगितलं नसतं." तिनं वेलाकडे हात केला. "त्येच बी हाय हे. बाईंनी दिलेलं. इतकी वर्सं राखतेय. लई न्हाई, पर गोड लागतं."

मी त्या कागदी पिशव्यांकडे पाहिलं. मावशी मात्र मोकळी झाल्यासारखी हसायला लागली, दात नसलेलं, खांदे हलवून. माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "आता आसं कर. पुढच्या येळी बाईंना घिऊन ये. मीच सांगंन त्यांना, मला ठावं हुतं म्हून. दोगी बसून हसू."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि तिचं हसू हळूहळू थांबलं.

"आई गेली, मावशी," मी म्हणाले. "गेल्या चैत्रात. मघाशी मी खोटं बोलले."

पुढे गिऱ्हाइकं येत होती, चपला ठेवत होती, जात होती. नातवानं दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. मग तिनं अर्धा राहिलेला हार मांडीवर ओढला आणि एक झेंडू उचलून दोऱ्याच्या गाठीत धरला.

"आसू दे," ती म्हणाली. "मी जाईन तवा सांगंन."